डोळ्यावर जाऊ नका : कुरवांच्या तक्त्याच्या नोंदी, हिवाळा २०२३-२४

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार
भाऊचा धक्का ते मोरा, लाँचने

वहीचं पहिलं पान आहे, तेव्हा हा उद्योग कशासाठी ते लिहून ठेवते. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेआधी आमच्या सात जणांच्या गटाला एक तक्ता हवाय. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे कुरव (इंग्रजीत ‘गल’), त्यातही याच वर्षी अंड्यातून निघालेले, म्हणजे पहिल्या हिवाळ्यातले. पूर्ण वाढलेले कुरव निदान पुस्तकातल्या चित्रासारखे दिसतात. ही पोरं मात्र एका शाळेच्या गणवेशात आल्यासारखी असतात. पाठ राखाडी, पंखांवर तपकिरी डाग, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी आणि कानामागे लावलेली तीट. दरवर्षी आमच्या यादीत ‘कुरव, लहान, अनोळखी’ असा एक भलामोठा आकडा पडतो आणि दरवर्षी ताई तो आकडा बघून चष्मा काढून पुसतात.

काम माझ्या गळ्यात पडलं कारण मी मोटार विम्याचे दावे तपासते. ‘दिवसभर फोटोंतले पोचे बघतेस, तुलाच जमेल,’ असं ताईंचं म्हणणं. नाही म्हणायला वाव नव्हता.

डॉकयार्ड रोडला उतरून चालत धक्क्यावर पोचले. पावणेआठची लाँच. धक्का सोडल्याबरोबर कुरव मागे लागले, कारण लाँचच्या मागच्या टोकाला दोन काका कुरकुऱ्यांचं पाकीट घेऊन उभेच होते. घालू नका म्हटलं तर म्हणाले, ‘भुकेलेत बिचारे.’ भुकेले नाहीत, सोकावलेत. पण फोटोसाठी मी त्याच कुरकुऱ्यांचा फायदा घेतला, त्यामुळे जास्त बोलायला तोंड नव्हतं.

जाता-येता एकशे चाळीस फोटो. कामाचे अकरा. साडेबाराच्या आत घरी, कारण दोनला फायनल. परतीच्या लाँचवर अर्धे लोक निळ्या जर्सीत होते.

२२ नोव्हेंबर, बुधवार
घरी

रविवारच्या मॅचबद्दल या वहीत एक अक्षर लिहायचं नाही.

फोटो लॅपटॉपवर लावले. भाचा शेजारी येऊन बसला. यत्ता सहावी, प्रश्न विचारण्याचा परवाना असलेलं वय.

‘मावशी, हा कुठला?’
‘काळ्या डोक्याचा कुरव.’
‘डोकं तर पांढरं आहे.’
‘हिवाळ्यात पांढरं असतं. उन्हाळ्यात काळं होतं.’
‘आणि हा?’
‘तपकिरी डोक्याचा.’
‘त्याचंही पांढरंच आहे.’

बरोबर बोलत होता. नावं ठेवणाऱ्यांनी आपल्यासारख्या हिवाळी यजमानांचा काही विचार केलेला नाही. त्यात आणखी गंमत अशी, की काळ्या डोक्याच्या कुरवाचं विणीतलं डोकंसुद्धा खरं तर काळं नसतं, गडद चॉकलेटी असतं. तपकिरी डोक्याच्याचं फिकट कॉफीसारखं, आणि मानेपाशी त्याला गडद कड. लिनियसने १७६६ मध्ये पहिल्याला ‘हसरा’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं, ‘रिडिबुंडस’. ते निदान ऐकून पटतं. तपकिरी डोक्याच्याचं नामकरण १८४० मध्ये जर्डनने केलं. तो मद्रासकडच्या सैन्यातला डॉक्टर होता.

हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावरचा रंग जातो, उरते ती कानामागची तीट. म्हणजे आपल्याकडे ज्या पाच-सहा महिन्यांत हे पक्षी असतात, त्यातल्या बहुतेक काळात नावाचा काडीचा उपयोग नाही. मार्च लागला की काहींची डोकी रंगायला लागतात, पण ती मोठ्यांची. पोरांची नाहीत.

तक्त्यासाठी शब्दांचा घोळ मिटवला. पंखाच्या पिसांची ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’, ‘टर्शियल’ ही नावं तशीच ठेवायची. मराठी प्रतिशब्द करून बघितले, पण धक्क्यावर दुर्बीण लावलेली असताना कोणी ‘प्राथमिक उड्डाणपिसे’ म्हणणार नाही. पंखाच्या काळ्या टोकातल्या पांढऱ्या टिकल्यांना, म्हणजे मिररला, मात्र ‘आरसे’. तो शब्द आमच्यात आधीपासून रुळलाय.

३ डिसेंबर, रविवार
भाऊचा धक्का

आज लाँच नाही, नुसतंच धक्क्यावर. लिलाव उरकत आला होता. ट्रॉलरवर जाळी झटकत होते आणि जाळ्यातून पडणाऱ्या चुऱ्यावर कुरवांची झुंबड. कावळे, घारी, बगळे आणि कुरव, सगळ्यांचा मिळून एकच कल्ला.

माझ्यापासून पंधरा-वीस फुटांवर, बोटीचा दोर गुंडाळतात त्या लोखंडी खुंटावर एक पहिल्या हिवाळ्यातलं पोर येऊन बसलं. इतक्या जवळून इतका वेळ कधी बघायला मिळालं नव्हतं, म्हणून सगळं लिहिते.

पाठ स्वच्छ राखाडी, म्हणजे पाठीची पिसं बदलून झालेली. पंखावरची मात्र अजून घरट्यातून आणलेलीच होती. मधली छोटी पिसं तपकिरी, प्रत्येकाला फिकट कड, ती कडही उजव्या बाजूला झिजलेली. चोच मुळाशी फिकट नारिंगी, टोक काळं, आणि चोचीचं टोक जरा जाडसर वाटत होतं. पाय मळकट नारिंगी. डोळा काळाभोर, वर-खाली पांढरी रेघ, जणू कोणी खडूने बाहुलीचे डोळे कोरलेत. त्याने एकदा मान वाकडी करून खुंटावर अडकलेला जवळा उचलला, चावला, थुंकला, पुन्हा उचलला.

मी वहीत लिहिलं : काळा डोळा, म्हणजे काळ्या डोक्याचा. पुढे जायला हरकत नव्हती.

तेवढ्यात ट्रॉलरचं इंजिन सुरू झालं आणि पोर उडालं. वळताना पंख पूर्ण उघडले. पंखाचं टोक सगळंच्या सगळं काळं! काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाला पुढच्या काठाशी पांढरी पाचर असते, लांबूनसुद्धा चमकते, मोठ्यांतही आणि पोरांतही. पोरांत तिला काळी किनार जास्त असते आणि पाचर अरुंद असते, एवढंच. इथे पुढच्या काठाशी पांढरं काहीच नव्हतं. रुंद काळं टोक, आणि त्याच्या आत, हाताच्या, म्हणजे पंखाच्या बाहेरच्या भागाच्या, मधोमध एक पांढरट चौकट. पंखाची खालची बाजू मळकट राखाडी.

म्हणजे तपकिरी डोक्याचा. काळ्या डोळ्याचा तपकिरी डोक्याचा.

वडापाव घेऊन गोणीवर बसले आणि गार होईपर्यंत खायचं विसरले.

५ डिसेंबर, मंगळवार
घरी, रात्री उशिरा

आता कबुली. आमच्या गटाकडे २०२१ चा एक कागद आहे, लॅमिनेट केलेला. त्यावर लिहिलंय : ‘डोळा फिका, टोकाला पांढरे आरसे : तपकिरी डोक्याचा. डोळा काळा, आरसे नाहीत : काळ्या डोक्याचा.’ तो कागद मीच केलाय.

मोठ्या पक्ष्यांपुरतं त्यातलं काही खोटं नाही. मोठ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिका पिवळट असतो, त्यामुळे तो जरा रागीट दिसतो, आणि पंखाच्या काळ्या टोकात दोन पांढऱ्या टिकल्या असतात. पण पोराला दोन्ही नसतात. डोळा लहानपणी गडद असतो, नंतर हळूहळू फिका होत जातो. टिकल्या येतात त्या पुढच्या पिसांवर, आणि ती पिसं अजून उगवलेलीच नाहीत. म्हणजे माझ्या कागदाने प्रत्येक तपकिरी डोक्याच्या पोराला उचलून शेजाऱ्याच्या घरात टाकलं होतं.

२०२१ पासूनच्या हार्ड डिस्कवर बसले. ‘काळ्या डोक्याचा, पहिला हिवाळा’ या फोल्डरमधले ज्यांचे उघड्या पंखांचे फोटो आहेत तेवढेच घेतले. त्यातले एकेचाळीस तपकिरी डोक्याचे निघाले. बसलेल्या पक्ष्यांचं काय करायचं, ते देव जाणे.

ऑफिसात एखाद्याने पुढच्या बंपरचा एकच फोटो पाठवून दावा केला तर मी पास करत नाही. चारी बाजू माग, चॅसिस नंबर माग, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. इथे मात्र दोन वर्षं एका डोळ्यावर दावे पास करत होते.

कुरवाचा चॅसिस नंबर म्हणजे पंखाचं टोक. पाठीची, डोक्याची पिसं पहिल्या शरद ऋतूतच बदलतात. पंखाची लांब पिसं मात्र घरट्यातून निघतानाची तीच, थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. रंग उडेल, कड झिजेल, पण नक्षी तीच राहणार.

१७ डिसेंबर, रविवार
वेसावे

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आजोबांनी शिकवलेलं : पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे सकाळी पावणेदहा-दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. मोबाइलवर तक्ते असतात, पण हा हिशोब केल्याशिवाय मला निघाल्यासारखंच वाटत नाही.

वलांडीवर बोंबील लटकवलेले, जबड्यात जबडा अडकवून, जोडी-जोडीने. वासाची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात. ओल्या वाळूत साठ-सत्तर कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. आजचा धडा : पंख मिटलेले असतील तर काय?

आकार बघावा म्हणतात. तपकिरी डोक्याचा साधारण एक्केचाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर, काळ्या डोक्याचा सदतीस ते त्रेचाळीस. कागदावर ठीक आहे, पण मापं एकमेकांत घुसलेली. शिवाय फुगून बसलेला कुरव आणि मान ताणलेला कुरव यांतच तेवढा फरक पडतो. एकटा बसलेला असेल तर आकार विसरावा. दोघे शेजारी शेजारी, सारख्याच उंचीच्या वाळूवर असले, तरच आकाराचं नाव काढावं.

चोच जास्त उपयोगाची. काळ्या डोक्याच्याची चोच सुईसारखी, मुळापासून टोकापर्यंत निमुळती. तपकिरी डोक्याच्याची जरा दमदार, खालच्या बाजूला टोकाजवळ किंचित फुगवटा. दोन्हींत मूळ फिकट आणि टोक काळं, म्हणून रंगाकडे बघू नये, आकाराकडे बघावं.

तरी खात्री नाहीच. मग सरळ सोपा उपाय केला : थांबले. पंचवीस मिनिटं. कुरव कितीही आळशी असला तरी कधीतरी पंख ताणतो, एक पंख आणि एक पाय एकाच बाजूला, आपण अंथरुणात आळस देतो तसा. तो एक सेकंद पकडायचा. आज असे नऊ सेकंद मिळाले. सहा काळ्या डोक्याचे, तीन तपकिरी.

बोंबील राखत बसलेल्या मावशींनी विचारलं, काय मोजतेस? सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्या बोंबलावर बसतात तेवढे मोज आणि त्यांना हाकल.’ तासाभराने चहा मात्र त्यांनीच पाजला.

२४ डिसेंबर, रविवार

बाहेर पडले नाही. लेन्सचा फोकस अडकतोय. एका दुरुस्तीवाल्याकडे दिली होती. त्याने आठवड्याने परत दिली ती तशीच, वर सर्व्हिसिंगचे पैसे घेऊन, आणि ‘मॅडम, समुद्रावर कमी जा’ असा सल्ला फुकट. भावाच्या जुन्या लेन्सवर भागवायचं.

६ जानेवारी २०२४, शनिवार
आक्षी

गेटवेहून मांडवा, तिथून बसने अलिबाग, पुढे रिक्षाने आक्षी. हे मुंबईच्या तक्त्यात बसत नाही, मान्य. पण मोठे, म्हणजे आकाराने मोठ्या जातींचे, कुरव निवांत बघायचे तर आक्षीची वाळू. मुंबईत ते दिसतात तेव्हा बहुतेक खूप उंचावर किंवा खूप लांब असतात.

मोठ्यांचं गणितच निराळं. छोट्या दोघांचं मोठेपण दुसऱ्या हिवाळ्यात पूर्ण होतं. यांना चार वर्षं लागतात. म्हणजे एकाच जातीचे चार इयत्तांचे चार वेगवेगळे गणवेश, आणि मधल्या सुट्टीत सगळे मिसळलेले. सायबेरियाच्या टुंड्रातून येणारा ह्यूग्लिनचा कुरव, त्याच्या दक्षिणेच्या गवताळ मुलुखातला स्टेप कुरव आणि अधूनमधून कॅस्पियन कुरव, या तिघांची पहिल्या हिवाळ्यातली पोरं म्हणजे तपकिरी ठिपक्यांचं एकच गाठोडं. त्यातल्या कोणाला स्वतंत्र जात म्हणायचं आणि कोणाला पोटजात, यावर तज्ज्ञांचंही एकमत होत नाही.

आजचं त्यातल्या त्यात पक्कं काम. एक पोर तिघा-चौघांत उठून दिसत होतं : गडद, डोक्यावर आणि छातीवर दाट रेघोट्या, आणि उडताना पंखाची खालची बाजूही गडद, धूर बसलेल्या भिंतीसारखी. शेपटीची काळी पट्टी रुंद. हे ह्यूग्लिनचं म्हणायला मी तयार आहे. दुसरं डोक्याने पांढरं, मानेच्या मागे रेघांची शाल, पंखाखाली फिकट, पाय लांब, चोच लांब आणि सरळ. हे कॅस्पियनच्या चित्राशी जुळतं. पण स्टेपची पोरंही डोक्याने पांढरी आणि पंखाखाली फिकट असतात. फोटो आहेत, नाव नाही. तक्त्यात तिघांना वेगळं न करता एकच रकाना ठेवायचा : ‘मोठा, तपकिरी, पहिला हिवाळा’. ताई रागावतील. रागावू देत.

पल्लासच्या कुरवाने मात्र दिवस वसूल केला. याला आपल्याकडे मोठा काळ्या डोक्याचा कुरव म्हणतात. पल्लासने १७७३ मध्ये कॅस्पियन समुद्राकाठच्या पक्ष्यावरून त्याचं वर्णन केलं. नावाचा अर्थ मत्स्य-गरुड, आणि आकार बघितला की अर्थ कळतो. बाकीचे कुरव त्याच्या शेजारी पाहुण्यांसारखे उभे होते.

याच्या पोरात एक सापळा आहे. मोठ्या कुरवांत पहिल्या हिवाळ्यात पाठ तपकिरी आणि राखाडी दुसऱ्या वर्षी, असं आपण पाठ केलेलं असतं. पल्लासचं पोर पहिल्याच हिवाळ्यात पाठीवर राखाडी घालून येतं, शेपटी पांढरीशुभ्र आणि टोकाला पट्टीने आखल्यासारखा काळा पट्टा. त्यामुळे बघणारा त्याला एक इयत्ता वर चढवून बसवतो, किंवा दुसऱ्याच कोणाचं दुसऱ्या वर्षाचं पोर म्हणतो. ओळख डोक्यावरून करावी : लांब उतरतं कपाळ, डोळ्यामागे गडद मुखवटा आणि त्यात डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी. चोच लांब, मुळाशी फिकट, टोक काळं.

परतताना देवळाजवळच्या शिलालेखापाशी थांबले. अक्षरं इतकी झिजलीत की बोट फिरवून वाचावीशी वाटतात. त्यातलं शक नक्की कोणतं, यावरून अभ्यासकांचे वाद आहेत. झिजलेल्या पिसांवरून वाद घालणाऱ्या बाईला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

१४ जानेवारी, रविवार
शिवडी, गणनेचा दिवस

ही आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. आमचा वाटा छोटासा, शिवडीच्या जेटीवरून दिसेल तेवढा चिखल.

दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, अटल सेतूचं उद्घाटन झालं. सात वाजता बघितलं तर त्यावरून गाड्या पळतायत आणि खाली रोहित (फ्लेमिंगो) चिखलात माना घालून. ओहोटी पावणेनऊची. तोवर पक्षी इतके लांब की सगळेच कुरव मिठाचे खडे. पाणी चढायला लागलं की चिखल आखडतो आणि पक्षी आपल्याकडे सरकतात. खरी मोजणी साडेदहानंतर.

नवा तक्ता प्रत्येकाच्या हातात होता, अजून लॅमिनेट न केलेला. डोळा आणि आरसे हे दोन्ही रकाने काढून टाकलेत. सगळ्यात वर एकच ओळ : ‘उडू द्या.’

सडपातळ चोचीच्या कुरवाची दोन पोरं मिळाली. हा तिसरा गडी छोट्यांच्या गोंधळात पडतो, पण खरं तर सगळ्यात सोपा. डोकं वर्षभर पांढरंच, विणीतही रंगत नाही. पोरात कानामागची तीट इतकी पुसट, की आईने घाईत बोट फिरवावं तशी. मान लांब, कपाळ उतरतं, त्यामुळे चोच कपाळातूनच निघाल्यासारखी वाटते. पंखावरचा तपकिरी पट्टाही पाणी घातलेल्या चहासारखा. पंखाच्या टोकाला काळ्या डोक्याच्यासारखी पांढरी पाचर असते, म्हणून फक्त टोकावर गेलात तर फसाल. म्हणजे माझ्या ‘उडू द्या’लाही एक अपवाद निघाला. वरच्या ओळीखाली पेनने लिहिलं : ‘मान बघा.’

‘कुरव, लहान, अनोळखी’ : या वर्षी तेवीस. ताईंनी चष्मा पुसला नाही. पण म्हणाल्या, ‘मागच्या वर्षांच्या आकड्यांचं काय?’

२८ जानेवारी, रविवार
घरी

मागच्या वर्षांच्या आकड्यांचं हे. फोटो असलेले एकेचाळीस दुरुस्त केले आणि जिथे जिथे नोंदवले होते तिथे कळवलं. फोटो नसलेले, बसलेले, लांबचे, असे जेवढे ‘काळ्या डोक्याचा, पहिला हिवाळा’ म्हणून लिहिले होते ते सगळे ‘काळ्या किंवा तपकिरी डोक्याचा’ या रकान्यात हलवले. गटातल्या एकाने फोन केला. त्याच्या मते एवढं करायची गरज नव्हती, कोण बघतंय. त्याच्या यादीतलेही आठ गेले, हे खरं दुखणं.

मोठा आकडा कमी होऊन मधला रकाना फुगला. दिसायला वाईट दिसतं. पण दोन जातींची येण्याची वाटच वेगळी. तपकिरी डोक्याचा तिबेट-लडाखच्या उंच तळ्यांवर वीण करतो, त्सो मोरीरीसारख्या ठिकाणी. काळ्या डोक्याच्याची वीण पार युरोपपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेली. उद्या कोणी विचारलं की लडाखकडच्या पोरांचं यंदा कसं आहे, तर शेजाऱ्याच्या घरात टाकलेली पोरं घेऊन उत्तर कसं देणार?

२५ फेब्रुवारी, रविवार
भाऊचा धक्का

तीन महिन्यांनी पुन्हा त्याच खुंटाजवळ. पोरं ओळखू येईनात. डिसेंबरात पंखावर तपकिरी होतं ते आता उन्हाने विटून बिस्किटासारखं झालंय. पिसांच्या पांढऱ्या कडा तर गेल्यातच, काही पिसांना करवतीसारखे दाते पडलेत.

याचं कारण छान आहे. पिसाचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा, आणि मेलॅनिन असलेलं पीस जास्त चिवट असतं. पांढऱ्या भागात ते नसतं, म्हणून तो आधी झिजतो. एकाच पिसावर पांढरा ठिपका आणि काळी कड असेल तर ठिपका जातो, कड राहते, खणाचं पोत विरून काठ उरावा तसं. म्हणून नोव्हेंबरातली चित्रं फेब्रुवारीत लावू नयेत. पुस्तकात पोराचं एक चित्र असतं, फार तर दोन. धक्क्यावर दर महिन्याला वेगळं पोर.

तक्त्यात आता तीन ओळी : नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. जागा पुरेना म्हणून मोठ्या कुरवांचा भाग मागच्या पानावर ढकलला.

ऊनही फसवतं. अकराच्या उन्हात काढलेल्या फोटोत राखाडी पाठ पांढरी येते आणि चोचीचं नारिंगी मूळ पिवळं. यापुढे नऊनंतरच्या फोटोवर रंगाची चर्चा नाही. फक्त नक्षीची.

१७ मार्च, रविवार

तक्ता छापायला दिला. भाच्याने पंखांची चित्रं काढली, माझ्यापेक्षा बरी. काळ्या डोक्याच्याची पाचर त्याने इतकी ठळक काढली की मी पुसायला सांगणार होते. मग म्हटलं राहू दे, लांबून तेवढीच दिसते.

ताईंनी मोठ्या कुरवांच्या एका रकान्यावर अपेक्षेप्रमाणे हरकत घेतली. तीन जातींना एकत्र बांधणं म्हणजे हात वर करणं, असं त्या म्हणाल्या. मी आक्षीचे सगळे फोटो त्यांच्यापुढे ठेवले आणि नावं घाला म्हटलं. अर्ध्या तासाने त्यांनी ह्यूग्लिनच्या पोरावर बोट ठेवलं, बाकीच्यांवर नाही. रकाना राहिला, त्याच्यापुढे कंसात ताईंच्या अक्षरात एक प्रश्नचिन्ह.

२०२१ चा कागद फाडला नाही. मागच्या बाजूला ‘फक्त मोठ्यांसाठी’ असं लिहून फाइलला लावला.

५ मे, रविवार
भाऊचा धक्का

निवडणुकीच्या ड्युटीचं ट्रेनिंग संपलं, एक मोकळा रविवार मिळाला. कुरव गेलेत. उकाडा मी म्हणतोय, लिलावाच्या शेडमध्ये बर्फ फोडणाऱ्याशेजारी उभं राहायला लोक रांग लावतील अशी स्थिती.

जाता जाता सहज खुंटाकडे बघितलं. एक पोर मागे राहिलेलं. पहिल्या वर्षाची काही पोरं उन्हाळ्यात मायदेशी जातच नाहीत, वीण करायचं वय झालेलं नसतं. पंखावरचं तपकिरी जवळजवळ पांढरं झालेलं, शेपटीची पट्टी तुटक. चोच दमदार. डोळा अजून गडद, की थोडा फिकट झालाय? उन्हात मला ठरवता येईना, आणि ठरवायचंही नव्हतं.

ट्रॉलरवरून कोणीतरी बादली ओतली तसं ते उडालं. रुंद काळं टोक, आरसा नाही. तपकिरी डोक्याचा. दोन्ही पंखांत हाताच्या सगळ्यात आतलं लांब पीस गायब, तिथे फट, आणि उजव्या फटीत नव्या पिसाचं राखाडी टोक नखाएवढं.

फोटो क्रमांक ०४१७. वेळ ८:१०.